तिरप्या रेघा म्हणजे नकली रेशीम? आधी ती काडी खाली ठेवा

“स्कार्फ असली रेशमाचा की नकली? 4 खुणांनी ओळखा” हा मेसेज मला आतापर्यंत तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी सोडून दिला. काल मावशीने तो वाचून स्वतःच्या स्कार्फच्या कोपऱ्याला काडी लावली. स्कार्फ असली निघाला. आता त्याला भोक आहे.

पहिली खूण म्हणे, “तिरप्या रेघा दिसल्या की पॉलिएस्टर.” अहो, रेघा विणीच्या असतात, धाग्याच्या नाही! ट्विल नावाच्या विणीत बाणा (आडवा धागा) ताण्याचे (उभे) दोनेक धागे ओलांडतो आणि दर ओळीला एकेक घर पुढे सरकतो, त्यातून तिरपी रेघ उमटते. धागा कुठलाही असो. जीन्सचं डेनिमही ट्विलच, मग तेही पॉलिएस्टर का? स्कार्फ आणि टायसाठी वापरतात ते हलकं छापील कापड, म्हणजे फुलार, बहुतेकदा रेशमी ट्विलच असतं (साध्या विणीचंही असतं).

दुसरी खूण, “छापील नक्षी म्हणजे नकली.” एर्मेस या फ्रेंच कंपनीचे ते प्रसिद्ध 90 सेंटिमीटरचे चौकोनी स्कार्फ 1937 पासून निघताहेत. रेशमी ट्विल, वर छपाई. या मेसेजच्या हिशोबाने दोन्ही विषयांत नापास.

अंगठीतून सरकतं ते रेशीम, ही तिसरी. पातळ, निसरडं काहीही सरकतं. पॉलिएस्टरचं शिफॉनसुद्धा. पुढे चला.

आता काडी. यात तथ्य आहे, मान्य करावं लागतं. रेशीम हे प्रथिन, त्यामुळे जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. पण लोकरही प्रथिनच, वास तसाच. शिवाय फुलार रेशीम-सुती मिश्रही असतं, तिथे वासावरून काय ठरवणार? आणि मेसेज सांगतो, “कोपरा हातात धरून पेटवा.” कापड नकली निघालं तर वितळलेला थेंब बोटाला चिकटतो, झटकून निघत नाही. म्हणजे नकली पकडलं त्याच क्षणी हात भाजला! करायचंच असेल तर दुमडलेल्या काठातून एक-दोन धागे ओढा, चिमट्यात धरा, खाली पाण्याचं भांडं ठेवा. मेसेजमध्ये चिमटा नाही, पाणी नाही. “सर्वांना पाठवा” मात्र दोनदा आहे.

मावशी दुसरा स्कार्फ घेऊन बसलीच होती. म्हटलं, थांब, आधी लेबल वाच. 100 टक्के पॉलिएस्टर. विणीत तिरप्या रेघा, अगदी जळलेल्या स्कार्फसारख्याच.