कोणाला दिसू नये असा कॅमेरा

नागपुरात कोणाच्या नजरेस न पडता काही करायचं असेल तर एकच मार्ग आहे, आधी अमरावतीची बस पकडायची. इथे गोकुळपेठेच्या बाजारात तुम्ही घासाघीस करून पेरू घ्या, संध्याकाळी धरमपेठेतली आत्या फोन करून सांगते की लुबाडला गेलास. अशा गावात मला रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढायचे होते, आणि तेही त्यांना पत्ता लागू न देता.

स्ट्रीट फोटोग्राफीचा सगळा जीव त्या पत्ता न लागण्यातच आहे. माणूस आपल्या तंद्रीत हवा. त्यानं एकदा आपल्याला पाहिलं की तो पासपोर्ट साइज होतो. मान ताठ, श्वास आत, हात मांड्यांना चिकटलेले.

माझा जुना कॅमेरा डीएसएलआर. त्याच्या पोटात एक आरसा असतो, तो प्रत्येक फोटोला वर उडतो आणि खटाक वाजतो. त्या आवाजाचं काही नाही, बर्डीच्या मेन रोडवर कानाशी सुतळी बॉम्ब फुटला तरी कोणी वळून बघत नाही. अडचण आहे ती पुढे लावलेल्या ७०-२०० मिलिमीटरच्या लांबलचक झूम लेन्सची. ती बाहेर निघाली की पथारीवाले चादरीची चार टोकं एकत्र करायला लागतात. अतिक्रमणवाल्यांचा फोटोग्राफर आला, असा त्यांचा समज होतो. 'सौ में दो, सौ में दो' ओरडणारा पोरगा अर्ध्या किमतीवर गप्प होतो. दोन मिनिटांत माझ्यासमोर मोकळा फूटपाथ. मेन रोडचे इतके स्वच्छ फोटो शहरात दुसऱ्या कोणाकडे नसतील.

तेव्हा दुसरा कॅमेरा घ्यायचा. लहान, काळा, खिशात मावणारा. हे मी रात्री जेवताना, सहज सुचल्याच्या आवाजात काढलं.

"पहिला लोकांना दिसतो म्हणून दुसरा?" बायकोनं विचारलं.

"हो."

"आणि हा कोणालाच दिसणार नाही."

"तेच तर."

"केवढ्याला?"

"लाखाच्या आसपास."

"म्हणजे लाख रुपये गेले, तेवढे दिसतील."

तिनं माझ्या वाटीत वरण वाढलं आणि विषय संपवला. माझा तिथून सुरू झाला.

घरच्या आघाडीवर आधार असावा म्हणून मी लपून फोटो काढण्याचा इतिहास वाचून काढला. १८८६ मध्येच जाकिटाच्या आत लपवायचा चपटा गोल कॅमेरा निघाला होता. त्याची लेन्स काजातून बटणाच्या जागी डोकवायची. १९२५ मध्ये लायप्झिगच्या व्यापारी मेळ्यात लायका आला आणि चांगला कॅमेरा एका हातात मावायला लागला. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायकाचे चकाकणारे भाग काळ्या टेपनं झाकायचा. अमेरिकेचा वॉकर एव्हन्स १९३८ पासून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटात कॅमेरा लपवून बसायचा. लेन्स दोन बटणांच्या मधून बाहेर, शटरची तार बाहीतून हातात, आणि समोरच्या बाकावरच्या प्रवाशाला कशाचीच खबर नाही.

माणसं थोर, वादच नाही. पण यांच्यातला एकही मे महिन्यात इतवारीत उभा राहिलेला नाही. नागपुरात उन्हाळ्यात कोट घालतात दोघं, नवरदेव आणि वकील. ४५ अंशांत मी कोट चढवून शहीद चौकात थांबलो तर लोक रस्ता मोकळा करून विचारतील, "वरात कुठून येऊन राह्यली?"

टेपचा उपाय मात्र स्वस्त होता. कंपनीचं नाव, चकाकती अक्षरं, सगळं इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपनं झाकून मी बडकस चौकात गेलो. पानठेलेवाल्यानं चुना लावता लावता हात थांबवला.

"फुटला काय जी?"

"नाही, मुद्दाम लावलीय."

"अजी असू द्या, होते कधी कधी." आणि त्यानं गिऱ्हाइकांना बाजूला सारून मला त्याच्या साळ्याच्या रिपेरिंगच्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. त्या गिऱ्हाइकांपैकी प्रत्येकाला माझ्या कॅमेऱ्याचं काय झालं ते जाणून घ्यायचं होतं. ब्रेसाँला पॅरिसमध्ये साळे भेटले नसावेत.

आता कॅमेरेच बघायचे. सोनीच्या आरएक्स१०० चा निकाल मी लवकर लावला. २०१२ पासून त्याचे अवतार निघतायत. सातव्यात २४ ते २०० मिलिमीटरचा झूम आहे आणि टिचकीसरशी डोकं वर काढणारा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून बघायची खिडकी. पण सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी आतली पाटी, १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. भर दुपारी उत्तम, इतवारीच्या बोळात दिवेलागणीला फोटोत रवा सांडतो. शिवाय झूम म्हटलं की माणूस लांब उभा राहून चोऱ्या करतो, हे माझं खासगी मत. रस्त्यावरचा फोटो रस्त्यावर जाऊन काढावा.

फुजीफिल्मच्या एक्स१०० वर मात्र जीव जडला. २०११ मध्ये तो जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या रूपात आला. वर फिरवायच्या चकत्या, पुढे ३५ मिलिमीटरचा, जरा रुंद नजारा देणारी, कमी उजेडातही चालणारी एफ/२ ची लेन्स, आणि शटर इतक्या हळू आवाजाचं की वाजलं का हे आपल्यालाच विचारावं लागतं. २०२४ चा एक्स१०० सहावा म्हणजे ४० मेगापिक्सेल आणि ५२१ ग्रॅम. त्याच्या आधीचा रीलवाल्या पोरांनी इतका डोक्यावर घेतला की जगभर मिळेनासा झाला, आणि याच्याही रांगा लागल्या. बर्डीतल्या दुकानदारानं शांतपणे सांगितलं, "वेटिंग आहे, भाऊ."

"किती दिवस?"

"नाव लिहून ठेवतो ना."

आपल्याकडे नाव लिहून ठेवणं हा नकाराचा सभ्य प्रकार आहे. वहीत माझ्या वरती एका नावापुढे चहाचा डाग होता. डाग बराच जुना दिसत होता.

उरला रिकोचा जीआर थ्री. २०१९ चा. दिसायला इतका साधा, की हा हरवला तर पोलिसांना वर्णन काय द्यायचं हा प्रश्न पडावा. आत सेन्सर मात्र माझ्या डीएसएलआरएवढा, सोनीच्या त्या सेन्सरच्या क्षेत्रफळाच्या तिपटीहून मोठा. २८ मिलिमीटरचा, आणखी रुंद नजारा, एफ/२.८. बॅटरी आणि कार्डासकट वजन २५७ ग्रॅम.

हे २५७ ग्रॅम म्हणजे किती, ते कळेना. उन्हाळ्यात आमच्याकडे माणूस खिशात कांदा ठेवून बाहेर पडतो, ऊन लागू नये म्हणून. म्हणजे डावा खिसा कांद्याचा, उजवा मोबाईलचा, मग कॅमेरा कुठे? मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि कांदे चढवत गेलो. दोन बऱ्यापैकी कांदे, २५७ ला थोडे कमी. ते दोन्ही एका खिशात घालून लक्ष्मीभुवन चौकापर्यंत चालून आलो. पँट खाली आली नाही, चालण्यात फरक पडला नाही, कोणी वळून पाहिलं नाही. आनंदात घरी परतलो.

"किती मेगापिक्सेल?" बायकोनं कांदे परत मागत विचारलं.

विकत घेण्याआधी दोन्ही कॅमेरे हाताळून बघावेत म्हणून मित्रांकडे शब्द टाकला. बँकेतल्या मित्रानं आपला एक्स१००व्ही, म्हणजे त्या सहाव्याच्या आधीचा पाचवा, दिला, चंदेरी रंगातला. तो गळ्यात घालून मी चिटणीस पार्कच्या बाजूनं महालात शिरलो. तरुणांपैकी कोणी ढुंकून पाहिलं नाही. पण साठीच्या पुढचा एकही माणूस मला तसाच जाऊ देईना.

"अग्फा क्लिक थ्री आहे का हो?" पहिल्या आजोबांनी अडवलं.

"नाही काका, डिजिटल आहे."

"आमच्याकडे होता. एका रोलमध्ये बारा फोटो. तेराव्या माणसाला उभंच राहू देत नव्हतो." त्यांनी कॅमेरा माझ्या गळ्यात असतानाच डोळ्याला लावला, त्यामुळे मीही वाकलो. मग त्यांनी पलीकडच्या ओट्यावरच्या सोबत्याला हाक मारली. सोबत्याकडे रोल धुवायच्या खोलीतल्या लाल दिव्याच्या आठवणी होत्या. थोड्या वेळात तिथे निवृत्त मंडळींचा मेळावा भरला आणि मधोमध मी, लपून फोटो काढणारा. फोटो एकच निघाला, सगळे एका ओळीत, मान ताठ, श्वास आत.

जीआर थ्री दुसऱ्या मित्राकडून आला. त्याची खरी करामत म्हणजे स्नॅप फोकस. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा अडीच मीटर, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ/८ एवढं बारीक. मग साधारण सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्वच्छ येतं. फोकस शोधत बसायचं नाही, कॅमेरा डोळ्याला लावायचा नाही, कमरेपाशी धरून बटण दाबत चालायचं. जगभरात चालतं. नागपुरात अडीच मीटरचं अंतर फक्त उधारी देणारा आणि घेणारा यांच्यात राखलं जातं. बाकी कोणीही, हातात काय आहे ते पाहायला, हातभर अंतरावर येतो.

शिवाय याला व्ह्यूफाइंडर नाही. सगळं मागच्या पडद्यावर बघायचं, आणि आमच्या उन्हात त्या पडद्यावर दिसतो आपलाच चेहरा. तोही नाही, दुपट्टा. डोक्यापासून गळ्यापर्यंत पांढऱ्या दुपट्ट्यात गुंडाळलेला एक इसम हातातल्या काळ्या डबीकडे डोळे बारीक करून बघतोय. समोरून येणारेही सगळे तसेच गुंडाळलेले. एवढा खटाटोप करून मी कोणापासून लपत होतो आणि लपून कोणाचा चेहरा टिपणार होतो, याचा विचार व्हरायटी चौकाच्या सिग्नलला मनात आला, पण तेवढ्यात हिरवा झाला.

कॅमेरा कोणी पाहिला नाही, हे मान्य केलं पाहिजे. लोकांनी पाहिलं मला. नागपुरात काही काम नसताना एका जागी उभा असलेला माणूस ही बातमी असते. चांगल्या उजेडाची वाट बघत एका भिंतीपाशी थांबलो, तर किराणा दुकानातून खुर्ची आली.

"कोणाची वाट पाहून राह्यले?"

"उजेडाची" असं सांगता येत नाही. "मित्र येतोय," म्हणालो.

"कोन्ता?"

आता या प्रश्नावर कोणत्याच कंपनीनं बटण दिलेलं नाही.

मोबाईलनं का नाही काढत, असं सगळेच विचारतात. कारण लोक आता मोबाईललाच जास्त बिचकतात. कॅमेरा दिसला तर "पेपरात येईन का?" असं हसून विचारतात. मोबाईल रोखलेला दिसला की "व्हिडिओ काढून राह्यला का बे?" असा आवाज येतो, कारण त्यातलं रात्रीपर्यंत कुठे फिरेल याचा नेम नाही. त्यांचं चूक नाही. आणि लपून फोटो घेता येतो म्हणजे कोणाचाही घ्यावा असंही नाही. फूटपाथवर झोपलेला माणूस सगळ्यात सोपा असतो, तो ना मान ताठ करतो ना प्रश्न विचारतो. त्याचा मी काढत नाही.

एका दिवशी मात्र या गावात कितीही मोठा कॅमेरा चालतो, तो म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी मारबतीची, म्हणजे गावाची पीडा बाहेर नेणाऱ्या भल्यामोठ्या पुतळ्याची मिरवणूक असते. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि त्यांच्यासोबत त्या त्या वर्षी लोकांच्या डोक्यात बसलेल्या प्रत्येकाचे बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत इतवारी-महालाचे रस्ते असे भरतात की माणसाला पाय टेकायला जागा नसते. त्या गर्दीत मी ७०-२०० डोक्यावर धरून तासन्‌तास फोटो काढले आणि एकानंही विचारलं नाही की कोणाची वाट पाहून राह्यले. सगळ्यांच्या माना वर. आयुष्यातले सगळ्यात बेसावध चेहरे मला सगळ्यात मोठ्या लेन्सनं मिळाले. हे मी घरी सांगितलं नाही, कारण तोवर वापरलेल्या जीआर थ्रीचा सौदा पक्का होत आला होता.

घेतला. एका चार्जमध्ये साधारण २०० फोटो निघतात म्हणून जास्तीची बॅटरी घेतली. धूळ अडवायची सोय कॅमेऱ्यात नाही आणि आमचे रस्ते कायम खोदलेले, म्हणून जेवणाच्या डब्याची झिपवाली पिशवी घेतली. लाखाच्या आत बसलं. बायकोनं कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, "खरंच दिसत नाही गं बाई" म्हणून आईला दाखवायला नेला.

पहिल्याच रविवारी सकाळी कस्तुरचंद पार्काजवळ तर्री पोह्यांच्या ठेल्यावर गेलो. कोवळं ऊन तिरपं आलं होतं, चण्याच्या तर्रीच्या पातेल्यातून वाफ उठत होती, आणि ठेलेवाला डाव वर धरून लाल तवंग पोह्यांवर सोडत होता. पोह्यांची प्लेट डाव्या हातात, कॅमेरा उजव्या तळव्यात, कमरेपाशी. अंतर अडीच मीटर. दाबलं. गर्दीतलं एकही डोकं वळलं नाही.

"आला का चांगला?" ठेलेवाल्यानं मान वर न करता विचारलं.

मी प्लेटमध्ये बघितलं.

"तुम्हालेच विचारून राह्यलो, भाऊ. दाखवा ना."

दाखवला. त्यानं हात पुसून, पडद्यावर सावली धरून नीट पाहिला. मागून चार गिऱ्हाइकांनी पाहिला. वाफ बरी आली, तर्रीचा रंग फिका आला, आणि पोट जरा जास्त आलं, असं सर्वानुमते ठरलं.

"मोठा कॅमेरा आहे का तुमच्यापाशी? फ्लेक्स बनवाचा आहे ठेल्याचा."

"आहे."

"मंग पुढच्या रविवारी तो घेऊन येजा. मी इस्त्रीचा शर्ट घालतो. पोह्याचे पैसे नाही घेत तुमच्याकडून." त्यानं माझ्या प्लेटमध्ये न मागता आणखी एक डाव तर्री सोडली आणि आवाज खाली आणला. "अन् हा लहाना घरीच राहू द्या. पोट्टे हासतेत."