ऐनवेळचा विषय

गेल्या रविवारी सोसायटीची वार्षिक सभा झाली. नोटीस पूर्ण १४ दिवस आधी आली होती, उपविधीच तसा आहे. अजेंड्याच्या तळाशी नेहमीची ओळ, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. त्यात नव्या टाकीचा मोठा खर्च निघाला. समोरच्या काकू उठल्या, "आधी कळवायचं की ओ. घरात विचारून तरी आले असते." विषय पुढच्या सभेवर गेला.

तेव्हापासून डोक्यात सप्टेंबर २०२० घोळतोय.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, आणि कारखान्यात माल देताना छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्या, किती निघेल याची धास्ती. त्या बायकांसाठी १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा होता. १९ सप्टेंबर २०२० ला, शनिवारी, लोकसभेत तीन कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणारी विधेयकं, मांडल्या गेल्या. तिन्ही मिळून ४११ कलमं. मंगळवारी लोकसभेत मंजूर. बुधवारी राज्यसभेतही, विरोधकांचा बहिष्कार चालू असताना. १९६६ चा कायदा त्यातल्या एका संहितेत विलीन झाला. सोलापूरच्या विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, आमच्या नातेवाईक बायकांना मी विचारलं, एकीलाही पत्ता नव्हता.

यात नियम मोडला असंही नाही. लोकसभेचा नियम सांगतो, विधेयकाची प्रत विचारार्थ घेण्याच्या दोन दिवस आधी सदस्यांच्या हाती हवी. नसेल तर हरकत घेता येते, पण अध्यक्षांनी परवानगी दिली की हरकत संपली. शनिवार ते मंगळवार त्यात बसतं. आधीचे मसुदे संसदेच्या स्थायी समितीकडे जाऊन आले होते, हेही खरं. पण ते मागे घेऊन नवे आणले, आणि मतदान नव्यांवर झालं.

उलट बाजू बघा. खासदाराला मंत्र्यांना प्रश्न विचारायचा तर किमान १५ दिवसांची नोटीस लागते. एका उत्तराच्या तयारीला १५ दिवस, आणि ४११ कलमं वाचून दुरुस्त्या सुचवायला दोन?

हे एका कायद्यापुरतं नाही. ८ जानेवारी २०१९ ला आर्थिक दुर्बलांच्या १० टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती मांडली आणि त्याच रात्री लोकसभेत ३२३ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान सोलापुरात होते, भाषणात तो विषय आला आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण ते आरक्षण मला पटतं. तरी घटना बदलताना एक रात्र मध्ये जायला हवी होती, हे माझं मत आजही कायम आहे.

कलमं जास्त तर दिवस जास्त, मराठीतला मसुदा विधेयक मांडलं त्याच दिवशी, आणि दोन दिवसांच्या अटीतून अध्यक्षांनी सवलत दिली तर कारण लेखी, सभागृहात वाचून. एवढं मागणारं पत्र आपल्या खासदारांसाठी लिहिलंय. येत्या रविवारी सकाळी ते घेऊन विडी घरकुलात जातोय. सही करायची असेल त्यांनी या, आधी वाचून घ्या.