नगराध्यक्ष व्हायचंय? मग हा माणूस विसरा

तिकीट मिळालं म्हणता? अभिनंदन! आता एकच पथ्य पाळा. ज्यूल सीगफ्रीड हे नाव घरात कुणाला काढू देऊ नका. फ्रान्सच्या ल हाव्र बंदराचा हा महापौर, १८७८ ते १८८६. त्याचा नाद लागला तर तुमच्या जावयाच्या कंत्राटांचं काय होईल?

पहिली घोडचूक क्रमाची. गड्याने आधी पैसा केला आणि मग खुर्ची धरली! खुर्ची कशासाठी असते हेच कळलं नव्हतं. मूळचा पूर्व फ्रान्समधल्या म्युलूझ शहराचा, धंदा कापसाचा. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडच्या गासड्या अडकल्या, युरोपातल्या गिरण्या कापसावाचून तडफडू लागल्या. पंचविशीतल्या या पोराने १८६२त भावाबरोबर थेट आपल्या मुंबईत पेढी घातली. वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव होता. (ज्यांनी तो वेचला त्यांच्या घरांवर सोन्याची कौलं चढल्याचं ऐकिवात नाही. पण हा विषय प्रचारात नको.) १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईत भल्याभल्यांचं दिवाळं वाजलं. सीगफ्रीड बंधू मात्र गबर. आणि पुढच्याच वर्षी म्युलूझच्या व्यापारी शाळेसाठी १ लाख फ्रँक काढून मोकळे! डोनेशन घ्यायचं असतं, द्यायचं नसतं, एवढंही कुणी शिकवलं नाही.

महापौर झाल्यावर तरी सुधारेल? कसलं काय! १८७९ला आरोग्य कचेरी उघडली, फ्रान्समधली पहिली. तिथली माणसं मेलेले मोजत. कोण, कशाने, किती. अहो, मोजलं की आकडा दिसतो, आकड्यामागे गटार दिसतं, गटारामागे कंत्राटदार. तो कोणाचा कोण, हे मी सांगायला नको. त्यापेक्षा धुराचं यंत्र आणा, नारळ फोडा, फोटो काढा. डासांना सवय आहे.

पुढे खासदार, मंत्री वगैरे होऊन १८९४ला त्याने स्वस्त घरांचा कायदा आणला. इथे मात्र वही काढा. घरं बांधायची सक्ती कुणावरच नाही. बांधणाऱ्याला करात सवलत, कर्जाची सोय, आणि स्थानिक समित्या. समित्या! वाचूनच हुरूप आला ना? घरं त्या मानाने बेताचीच उभी राहिली, पण कायद्याला नाव याचंच लागलं.

तुम्ही वहिनींना राखीव वॉर्डातून उभं करून सह्या स्वतः ठोकता, ते अगदी योग्य. याची बायको ज्यूली १९१२पासून फ्रेंच स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेची अध्यक्ष, बायकांना मत द्या म्हणून भांडणारी. आणि नवरोबा संसदेत तिच्याच बाजूला!

१९२२त गेला तेव्हा ८५ वर्षांचा, आणि तरीही खासदारच. फ्लेक्स एकही नाही. असो. तुमच्या फ्लेक्सवर फोटो कुठला टाकायचा, गॉगलवाला की हात जोडलेला?