कचेरीला सोपो हवा

परवा आईला घेऊन गोव्यातल्या आमच्या तालुक्यातल्या एका सरकारी कचेरीत गेलो होतो. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा काढायचा होता. कचेरीचं नुकतंच नूतनीकरण झालंय. साहेबांच्या केबिनला विनियर, वर फॉल्स सिलिंग, एसी. लोकांसाठी पॅसेजमध्ये स्टीलच्या तीन-तीनच्या खुर्च्या.

काउंटरला काच आणि काचेला खाली वीतभर भोक. आत खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर ते बरोबर येतं, बाहेर उभ्या माणसाच्या मात्र पोटाशी. आई 74 वर्षांची. एका हातात गळणारी छत्री, दुसऱ्या हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. ती वाकून बोलली. आतलं ऐकू येईना म्हणून मान वळवून भोकाला कान लावला. मग परत तोंड, परत कान. आमचा सर्व्हे नंबर आणि भावकीतलं भांडण मागच्या सगळ्या रांगेने ऐकलं. शेवटी आतून उत्तर आलं, "मावशे, हांगा न्हय, थंय वच." (इथे नाही, तिथे जा.)

थंय म्हणजे कुठे? पाट्या होत्या, पण सगळ्या इंग्रजीत. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केलं, मराठीच्या वापराचीही सोय ठेवली. आई दोन्ही वाचते. तिला त्या भिंतीवर वाचण्यासारखं काहीच नव्हतं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. तरी दारात छत्री ठेवायला जागा नाही आणि जमिनीला गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स. ओल्या चपलेने पाय सरकतो. टाइल्स, काच, गुळगुळीत भिंती, सगळीकडून आवाज आपटून घुमतो, त्यामुळे पुकारलेला नंबर कळत नाही. दिव्यांगांसाठीचा कायदा 2016 चा आहे. रॅम्पला 1:12 चा उतार लागतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. इथला रॅम्प मी चालत चढलो तरी दमलो, चाकाची खुर्ची तिथे कोण ढकलणार?

खरं तर या सगळ्याची उत्तरं आमच्या घरांतच आहेत. आमच्याकडे पडवीत सोपो, म्हणजे बसायचा कट्टा, कॅथलिक घरांना बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी. आलेला माणूस आधी सावलीत टेकतो, घाम पुसतो, मग कामाचं बोलतो. बसायची जागा चिऱ्याची, गुडघ्याच्या उंचीची, म्हाताऱ्याला उठताना त्रास होत नाही. घरधनीही शेजारी बसूनच बोलतो. वास्तुकार चार्ल्स कोरियांनी पणजीत कांपालला कला अकादमी बांधली तीही अशीच मोकळी. रस्त्यावरून सावलीत शिरावं आणि थेट मांडवी नदीपर्यंत जावं, कोणी अडवत नाही. सरकारी इमारत अशी होऊ शकते, पणजीत ती उभी आहे.

आर्किटेक्टना, पीडब्ल्यूडीच्या इंजिनियरांना माझी कळकळीची विनंती आहे. नकाशा केबिनपासून काढायला घेऊ नका, जिथे माणूस वाट बघत बसतो तिथून घ्या.

उतारा मिळाला नाही, सोमवारी परत बोलावलंय. जाताना कचेरीच्या प्रमुखांना द्यायला अर्ज लिहून ठेवलाय. निदान एका काउंटरची काच काढा. तिथे 75 सेंटिमीटर उंचीचं टेबल ठेवा, दोन्ही बाजूंना खुर्च्या. पाट्या कोकणी-मराठीत लावा. दाराशी छत्र्या अडकवायला लोखंडी दांडा आणि खाली पाणी जायला पन्हळ. खाली आईने स्वतः सही केलीय. तुमच्या तालुक्यातही हे असंच असेल तर तुम्हीही लिहून द्या, मसुदा मागितलात तर पाठवतो.