स्त्रीवादाचा डाग कसा घालवावा?

गेल्या आठ मार्चला आमच्या सोसायटीतल्या महिला दिनाच्या कार्यक्रमात माझी ओळख ‘या स्त्रीवादी आहेत, पण पुरणपोळी काय मऊसूत करतात!’ अशी करून देण्यात आली आणि जांभळ्या साड्यांच्या रांगांना एकदम हायसे वाटले. त्या ‘पण’ने माझी अब्रू वाचवली. तेव्हा हा शब्द चुकून आपल्यालाही चिकटलाच, तर तो कसा घालवावा, याच्या काही युक्त्या सांगणे मी माझे कर्तव्य समजते.

नवरा रविवारी चहा करतो, ही बातमी कोणी विचारण्याआधीच द्यावी.

वाक्याची सुरुवात नेहमी ‘मी स्त्रीवादी वगैरे नाही हं, पण’ अशी करावी. त्यानंतर समान पगारापासून कचेरीतल्या स्वच्छतागृहापर्यंत काहीही मागायला हरकत नसते. ‘वगैरे’ मात्र विसरू नये, सगळी नम्रता त्यातच असते.

खरी कसोटी हक्कसोडपत्राची. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, केंद्राने त्यासाठी २००५ साल उजाडू दिले. पण आपण कायद्याकडे न पाहता दादाच्या चेहऱ्याकडे पाहावे. वडिलांचे वर्षश्राद्ध उरकले, की दादा दुय्यम निबंधक कार्यालयात जायचा दिवस परस्पर ठरवतो, वहिनी ‘माहेर तुटायला नको’ म्हणत साडीची पिशवी हातात ठेवते, आणि सातबाऱ्यावरून आपले नाव उतरते. सही केली तर आपण गुणी बहीण. ‘आधी कागद वाचू दे’ एवढेच म्हटले, तरी ‘शहरात राहून स्त्रीवादी झाली’. पुण्यात १८४८ साली सुरू झालेल्या मुलींच्या शाळेकडे निघालेल्या सावित्रीबाईंवर शेण फेकणाऱ्यांना हा शब्द हाताशी नव्हता, म्हणून बिचाऱ्यांना हात बरबटून घ्यावे लागले. आता शब्दावरच काम भागते आणि वर जमीनही हाती लागते.

पुरे झाली ही थट्टा. या एका शब्दाच्या धाकावर तुमचा वाटा गुंठ्यागुंठ्याने गिळला जातो, हे तुम्हाला दिसत नाही असे थोडेच आहे? दिसते, आणि तरीही तुम्ही तोच शब्द दुसरीवर फेकता. माझी ओळख करून देणाऱ्या बाईंनीच कार्यक्रमानंतर मला लिफ्टपाशी गाठले आणि आवाज खाली आणून विचारले, ‘भाऊ सोमवारी सहीला बोलावतोय, काय करू?’ मी वकिलाचा नंबर दिला. पण बाई, हेच अर्ध्या तासापूर्वी माईकवर विचारायला तुम्हाला काय झाले होते? समोर बसलेल्यांपैकी कितीजणींनी अशी सही आधीच करून दिली आहे, हे तुम्हालाही ठाऊक होते.