खालून कापलं की झालं?

उंची कमी असली की सल्ला ठरलेला: ‘पँट खालून कापून घ्या.’ अहो, लांबी फक्त खालीच जास्त असते का? उंच माणसाच्या मापाच्या पँटमध्ये गुडघ्याचा आकार २-३ इंच खाली येतो, म्हणजे पोटरीवर. तिथं कापड फुगतं आणि पाय आणखी आखूड दिसतो. बूटकट (गुडघ्याखाली घेर वाढत जाणारी पँट) असेल तर ३ इंच कापल्यावर खालचा घेरच निघून जातो, मग बूटकट घेतली कशाला? आणि आसन, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग, लांब असेल तर ते खालून कापून कधीच सुटत नाही. बसताना कापड मांडीत गोळा होतं, चालताना खाली ओघळतं. म्हणून आधी आसन आणि गुडघा जुळतोय का ते बघायचं, लांबी सगळ्यात शेवटी. तीही ज्या चपला-बुटांवर घालणार तेच पायात घालून, सरळ उभं राहून. खाली वाकलात की माप चुकलंच.

दुसरा ठोकळेबाज सल्ला, उभ्या रेघा. रेघा रुंद आणि एकमेकींपासून दूर दूर असतील तर अंग रुंदच दिसतं. त्यापेक्षा पँट आणि बूट एकाच रंगाचे घ्या, पाय सलग दिसतो. घोट्याला पट्टा असलेली चप्पल नेमकी तिथंच पाय तोडते. टॉप कमरेपाशी खोचा किंवा कंबरेच्या हाडापर्यंतच ठेवा. मांडीच्या मध्यावर संपणारा टॉप पायांची लांबी खातो.

आणि बाहीचं कोणी बोलतच नाही! खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर हवी. ती दंडावर उतरली तर बाही कितीही कापा, जॅकेट उसनंच दिसणार.