जे घरी बसले त्यांचं मत कुणी मोजायचं?

विषय निघाला आपल्याच नगरपालिकांवरून. निवडणुका वर्षानुवर्षं रखडतात, तारखा पुढे ढकलल्या जातात, यावर मास्तर तावातावाने बोलत होते. साताऱ्याच्या राजवाड्याजवळचा आमचा कट्टा, रविवारची संध्याकाळ, चहाची दुसरी फेरी. सुन्या महिन्याभराच्या सुट्टीवर आलेला. वीस-बावीस वर्षं झाली त्याला मिशिगनमध्ये. तो म्हणाला, "सर, तुमच्याकडे तारीख लांबते. आमच्याकडे 2008 ला तारीख अलीकडे आणली म्हणून माझं मत गेलं."

सगळे गप्प झाले. मग विज्या वकिलाने खुर्ची जवळ ओढली.

"गेलं म्हणजे? यादीत नाव नव्हतं?"

"यादीत माझं होतं. मतपत्रिकेवर माझ्या उमेदवाराचं नव्हतं."

तिकडे पक्षाचं तिकीट दिल्लीतून येत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. राज्याराज्यांत पक्षाच्या मतदारांचं मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. त्यातून प्रतिनिधी ठरतात आणि ते अधिवेशनात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडतात. मतदान कधी घ्यायचं ते बहुतेक ठिकाणी राज्याचं विधिमंडळ ठरवतं, आणि ते मत धरायचं की नाही ते पक्ष ठरवतो. सगळी मेख इथे आहे. आयोवा आणि न्यू हॅम्पशर ही दोन छोटी राज्यं तेव्हा कायम आधी असत. तिथे जो जिंकला त्याच्याकडे कॅमेरे वळतात, देणग्या वळतात. मागच्या राज्यांची पाळी येईपर्यंत निम्मे उमेदवार घरी गेलेले असतात. न्यू हॅम्पशरने तर कायदाच केलाय, की तशा दुसऱ्या कुठल्याही निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी आमची.

"मग मिशिगनने काय घोडं मारलं होतं?" मास्तर म्हणाले. "एक कोटीच्या आसपास लोक. मोटारीचे कारखाने बंद पडत होते तेव्हा. त्यांनी कधीच आधी बोलायचं नाही?"

सुन्या म्हणाला, हेच कार्ल लेव्हिन म्हणत होते, मिशिगनचे सिनेटर, कित्येक वर्षं. डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम असा होता की आयोवा, नेवाडा, न्यू हॅम्पशर आणि साउथ कॅरोलायना सोडून कुणीही 5 फेब्रुवारी 2008 च्या आधी मतदान घ्यायचं नाही. मिशिगनने 15 जानेवारी धरली, फ्लोरिडाने 29 जानेवारी. पक्षाने दोन्ही राज्यांचे सगळे प्रतिनिधी रद्द केले. रिपब्लिकन पक्षाने त्याच गुन्ह्याला निम्मे कापले. उमेदवारांनी तिथे प्रचार न करण्याचं लिहून दिलं. मिशिगनच्या मतपत्रिकेवरून ओबामा, एडवर्ड्स, बायडन यांनी नावं काढून घेतली. हिलरी क्लिंटन यांनी ठेवलं.

विज्या लगेच म्हणाला, "बरोबर केलं पक्षाने. नियम आधी माहीत होता, शिक्षा आधी माहीत होती. सोडलं असतं तर पुढच्या वेळी सगळी राज्यं दिवाळीतच मतदान घेऊन मोकळी."

"पण शिक्षा कुणाला?" मास्तरांचा आवाज चढला. "फ्लोरिडात विधिमंडळ कुणाचं होतं?"

रिपब्लिकनांचं. तारीख बदलणाऱ्या विधेयकात मतदान यंत्रांऐवजी कागदी मतपत्रिका आणायची तरतूदही होती, आणि 2000 सालच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत मतमोजणीच्या वादात त्या राज्याने जे भोगलं त्यानंतर ती कुणाला नको होती? डेमोक्रॅट आमदारांनीही पाठिंबा दिला. दंड मात्र लागला तो मत देणाऱ्याला.

मी इतका वेळ ऐकत होतो. मी सुन्याला विचारलं, त्या दिवशी नेमकं काय केलंस?

त्याने सांगितलं. नागरिकत्व मिळाल्यावरचं पहिलं मतदान. कडाक्याची थंडी, शाळेच्या जिममध्ये केंद्र. याला एडवर्ड्स हवे होते. नाव हाताने लिहिलं तर मोजणार नाहीत, हे आधीच सांगितलेलं. मग मतपत्रिकेवर तळाशी 'अनकमिटेड', म्हणजे कुणाशीच बांधील नाही, त्याच्यासमोरचा लंबगोल त्याने काळा केला. "पेन खाली ठेवताना हात जड झाला रे," म्हणाला. बायको घरीच राहिली. टीव्हीवर रोज सांगत होते की हे मत धरलं जाणार नाही. लहान पोरीला घेऊन त्या थंडीत कशाला जायचं?

निकाल: क्लिंटन 55 टक्के, अनकमिटेड 40.

पुढे स्पर्धा अटीतटीची झाली आणि एकेका प्रतिनिधीला भाव आला. क्लिंटन यांची बाजू म्हणू लागली, प्रत्येक मत मोजा. याच क्लिंटन यांनी 2007 च्या ऑक्टोबरात न्यू हॅम्पशरच्या रेडिओवर सांगितलं होतं की मिशिगनच्या मतदानाला काही किंमत राहणार नाही. त्यांचे सल्लागार हॅरोल्ड इक्स यांनी पक्षाच्या नियम समितीत बसून शिक्षेच्या बाजूने मत दिलं होतं. फेरमतदानाच्या गोष्टी झाल्या. फ्लोरिडात टपालाने घ्यायचं म्हणाले, मिशिगनमध्ये 3 जूनला. दोन्ही बारगळलं.

"आमच्याकडे केंद्रावर गडबड झाली तर फेरमतदान घेतात," मास्तर म्हणाले. तीस वर्षं निवडणुकीच्या ड्युट्या केलेला माणूस. "पेट्या घेऊन दुसऱ्यांदा डोंगर चढलोय मी."

31 मे 2008 ला वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात तीच समिती बसली. बाहेर लोक घोषणा देत होते. ठरलं असं की दोन्ही राज्यांचे प्रतिनिधी घ्यायचे, पण प्रत्येकाला अर्धं मत. मिशिगनचे 69 क्लिंटन यांना, 59 ओबामांना. ओबामांचं नावच नव्हतं, तरी 59. ऑगस्टमध्ये ओबामांचं नक्की झाल्यावर सगळ्यांना पूर्ण मत परत दिलं.

"म्हणजे तुझं मत ओबामांना गेलं," विज्या म्हणाला.

"हो. मी एडवर्ड्ससाठी दिलेलं."

विज्या थोडा नरमला, पण हटला नाही. नियम मोडणाऱ्या राज्याला काहीच मिळायला नको होतं, हे त्याचं शेवटपर्यंत. मास्तरांचं म्हणणं, पडलेलं मत मोजलंच पाहिजे. मला दोघांचंही पटत नाही. सुन्याची बायको घरी राहिली कारण पक्षानेच तिला सांगितलं होतं की येऊन उपयोग नाही. तिच्यासारखे लाखो असतील. मे महिन्यात बसून जानेवारीच्या मताला किंमत द्यायची, तर या लोकांचं मत कोणत्या आकड्यात धरायचं? 69-59 मध्ये ते कुठेच नाहीत. फेरमतदानाला खर्च होता, कटकट होती, दोन्ही छावण्यांचे हिशेब आडवे येत होते. तरी तोच एक सरळ रस्ता होता, आणि तो सोडला याचा मला अजून राग येतो.

मास्तर काही बोलले नाहीत. गार झालेला चहा एका घोटात संपवला.

निघताना सुन्याने एक सांगितलं. 2024 ला पक्षानेच मिशिगनला आधीची तारीख दिली, 27 फेब्रुवारी. तेव्हाची ती लहान पोर आता अठरा पूर्ण. या वेळी बायडन यांचं नाव मतपत्रिकेवर होतं. गाझाच्या युद्धावरून चिडलेल्या एक लाखाहून जास्त लोकांनी तरीही अनकमिटेडला मत दिलं. पोरगीही त्यात होती. बापाबरोबर केंद्रावर गेली आणि तोच लंबगोल तिने काळा केला.